देऊळ, पेठ आणि पंचायत

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावात गेले असता ग्रामदेवतेचे देऊळ, देवळापुढील मोकळे पटांगण आणि त्या पटांगणात किंवा त्याच्या अंगाला भरणारा आठवड्याचा बाजार, या तीन गोष्टी बहुधा एकमेकींना लागूनच आढळतात. जवळच चावडी असते. पुष्कळ ठिकाणी तिच्याच जागी आज ग्रामपंचायतीची कचेरी उभी आहे. हा योगायोग नव्हे. परगावचा माणूस माल घेऊन यावयाचा तर त्याला तीन गोष्टींची हमी हवी असे : उतरावयास जागा, प्यावयास पाणी आणि तंटा झाल्यास दाद. देवळाची ओवरी, देवळाची विहीर आणि देवासमोर घ्यावयाची शपथ यांनी ती हमी मिळे. तेव्हा बाजार देवळापाशी आला तो केवळ भक्तीने आला असे नाही, सोयीनेही आला.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी देवस्थानचा पूर्वेतिहास लिहिला जातो, दात्यांची नावे शिळेवर कोरली जातात, ते योग्यच आहे. परंतु ज्या बाजाराने पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या दिव्याला तेल पुरविले, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तेल्याच्या घाण्यावरून पळीभर तेल, माळ्याकडून फुले, वाण्याकडून नारळ-गूळ असे देवाचे हक्क असत. हे सर्व बाजार चालला तरच चाले. म्हणून गावचा बाजार कोणी वसविला, त्यावर कर कोणी घेतला आणि घेतलेल्या कराच्या मोबदल्यात बाजारकऱ्याला काय दिले, हा प्रश्न देवळाच्या इतिहासापासून फार दूरचा नाही.

आठवडे बाजाराची रचना पाहिली तर तिच्यात मोठे शहाणपण दिसते. एका गावचा बाजार सोमवारी, तर तीन कोसांवरील गावचा मंगळवारी, पलीकडचा गुरुवारी, असे वार वाटून घेतलेले असतात. कासार, बोहारीण, मिरची-मसाल्याचा व्यापारी, दोर वळणारा, खणाचे गाठोडे घेऊन फिरणारा, ही माणसे त्या वारांच्या मागोमाग फिरतात. एका गावात दुकान थाटून पोट भरण्याइतके गिऱ्हाईक नसते. सहा गावांचे मिळून मात्र असते. म्हणजे आठवडे बाजार हे एका गावाचे दुकान नव्हे, पंचक्रोशीचे आहे. कोणा एका गावाने आपला वार बदलला किंवा बाजार बंद पाडला तर त्याचा फटका इतर पाच गावांना बसतो.

जुन्या कागदपत्रांत गावाला मौजे म्हणत व परगण्याच्या मुख्य गावाला कसबा. कसब्याला लागून किंवा स्वतंत्रपणे व्यापारासाठी जी वस्ती वसविली जाई ती पेठ. मौजेचा कारभार पाटील-कुलकर्णी पाहत, तर पेठेचा कारभार शेटे व महाजन पाहत. शेट्याचे मुख्य काम पेठ आबाद करण्याचे असे. परगावच्या वाण्या-उदम्यांना बोलावून आणावे, त्यांना घरठाणासाठी जागा द्यावी, बाजाराचा वार मोडू देऊ नये, मापात खोट निघाल्यास न्याय करावा, ही त्याची जबाबदारी. महाजनाकडे हिशेब असे. त्याबद्दल दोघांना वतन मिळे आणि बाजारातील मालावर काही हक्क मिळत. धान्याच्या पोत्यातून मूठभर धान्य घेण्याचा हक्क होता, त्याला फसकी म्हणत. मूठ कोणाची, हा प्रश्न त्या काळच्या व्यापाऱ्याला बराच महत्त्वाचा वाटत असणार.

पेठ वसविण्याचे साधन म्हणजे कौल. ओसाड किंवा नव्या जागी वस्ती करावयाची तर सरकारातून कौलनामा मिळे. सुरुवातीची काही वर्षे कर माफ, त्यानंतर थोडा, पुढे आणखी थोडा आणि ठराविक मुदतीनंतर पूर्ण कर, अशी चढती रीत असे. या चढत्या रीतीस इस्तावा म्हणत. वेठबिगारीतून सूट देण्याचे कलमही कौलात येई. यामागचा विचार सरळ होता. दुकानदार पहिल्या दिवसापासून कमावीत नाही. त्याचे बस्तान बसेपर्यंत राजाने हात आखडता घेतला तर पुढे कित्येक वर्षे जकात व मोहतर्फा मिळत राहतो. आज नव्या कारखान्यांना ज्या करसवलती जाहीर होतात त्यांचे मूळ निदान या मातीत तरी कौलात आहे. फरक एवढाच की कौल तेली, तांबोळी व साळी यांनाही मिळे.

पुण्याच्या पेठा याच रीतीने वाढल्या. कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली आणि सोमवार, मंगळवार, बुधवार अशी वारांची नावे पडली. नाना फडणीसांच्या नावाची नाना पेठ, रास्त्यांच्या नावाची रास्ता पेठ, सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, ही नावे पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. देऊळ आणि बाजार यांच्या शेजाराचे ठळक उदाहरणही पुण्यातच आहे. नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी १७६१ च्या सुमारास तुळशीबागेत राममंदिराच्या कामास आरंभ केला. मंदिर रामाचे, परंतु तुळशीबाग म्हटले की पुण्यातील गृहिणीला आधी भांडी, बांगड्या आणि देवपूजेची उपकरणी आठवतात. देवळाच्या आवाराभोवती लहान लहान दुकानांची रांग लागली आणि त्या दुकानांनी देवळाचे नाव गावोगाव नेले.

राज्यकर्त्याने लहान उद्योगाला कसा हात द्यावा याचे त्याहून जुने उदाहरण शिवकालातील आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मीठ पिकविणारे आगरी लोक होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि उदमी तिकडे वळू लागले. तेव्हा १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र पाठवून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली, की ते मीठ संगमेश्वराकडील मिठापेक्षा महाग पडावे. जकात ही केवळ तिजोरी भरण्यासाठी नसून आपल्या माणसाचा धंदा राखण्यासाठीही वापरता येते, हे त्या पत्रात स्पष्ट आहे.

परंतु जुन्या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाऊन चालणार नाही. जकातीची ठाणी जागोजाग होती. माल भरला तेथे थळभरीत, माल विकला तेथे थळमोड आणि वाटेने जाताना मार्गाची जकात, असे एकाच गोणीवर तीनदा द्यावे लागे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत तर मामलती इजाऱ्याने देण्याची प्रथा पडली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला वसुलीचा अधिकार. इजारदाराला मुदत थोडी आणि भरलेली रक्कम मोठी, तेव्हा रयत टिकली काय नि उठून गेली काय, त्याला सोयरसुतक नसे. कौलाच्या नेमका उलटा हा प्रकार होता. इजाऱ्याची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

इंग्रजी अंमलात अंतर्गत जकाती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उठल्या. शेटे-महाजनांची वतने नावापुरती उरली. पेठेकडे लक्ष देणारे असे कोणी काही काळ राहिलेच नाही, असे म्हणावयास हरकत नाही. १८५० च्या कायद्याने शहरवासीयांनी मागणी केल्यास तेथे नगरपालिका स्थापण्याची सोय झाली आणि मुंबई इलाख्यातील अनेक गावांनी तिचा लाभ घेतला. १८६९ मध्ये लोकल फंडाचा कायदा झाला. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव आला व १८८४ मध्ये जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली. रस्ते, धर्मशाळा, विहिरी ही बोर्डांची कामे. आठवडे बाजाराला त्यांचा प्रत्यक्ष उपयोग झाला तो रस्त्यांमुळे. चिखलात रुतणारी गाडी रस्त्यावर आली की बाजार दहा कोसांवरून माल ओढतो.

देवस्थानच्या गावांची गोष्ट थोडी वेगळी होती. पंढरपुरास नगरपालिका यात्रेकरूंकडून कर घेई. वारकऱ्याला तो जाचक वाटणे साहजिक होते. मात्र लाखभर माणूस चार दिवसांत गावात उतरते तेव्हा पाणी, सफाई आणि पटकीपासून बचाव यांचा खर्च कोणीतरी करावाच लागतो, आणि केवळ गावच्या घरपट्टीतून तो भागत नाही, ही अडचणही खरीच होती. यात्रेच्या गावात दुकानदाराची वर्षाची कमाई चार दिवसांची असते. ते चार दिवस रोगराईने बुडाले तर गावाचे वर्ष बुडते. म्हणून तेथे सफाई हीच व्यापाऱ्याला केलेली मोठी मदत ठरते.

नगरपालिकांनी बाजारासाठी इमारती बांधण्याचा काळ यानंतरचा. मुंबईस क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरे झाले. पुण्यात भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील मैदानात उघड्यावर भरत असे. त्याच्यासाठी पक्की मंडई बांधावी असा विचार नगरपालिकेत निघाला. त्या वेळी महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. १८७६ पासून काही वर्षे ते त्या जागेवर होते. मंडईवर सुमारे ३ लाख रुपये खर्च करण्याच्या बेतास त्यांनी विरोध केला. गोरगरिबांच्या पैशातून एवढी भव्य वास्तू उभारण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते.

हा विरोध कोणा बाजाराच्या शत्रूचा नव्हता. फुले घराण्याचा व्यवसायच फुलांचा आणि भाजीपाल्याचा. पाटी डोक्यावर घेऊन पहाटे बाजार गाठणारा माळी त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. तेव्हा या वादात कोणती बाजू बरोबर, असा निकाल देणे सोपे नाही. उन्हापावसात बसणाऱ्या बाईला छप्पर मिळाले, हे खरे. पण छपराबरोबर भाडेही येते आणि भाडे ज्याला परवडते त्यालाच छप्पर मिळते, हेही खरे. नगरपालिकेने मंडई बांधली. १८८६ मध्ये तिचे उद्घाटन होऊन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्यांनी विरोध केला त्यांच्याच नावाने आज मंडई ओळखली जाते. काहींना यात विसंगती वाटते. परंतु भाजी पिकविणाऱ्याची व विकणाऱ्याची काळजी ज्याने वाहिली त्याचे नाव भाजीबाजाराला शोभते, असे म्हणणारेही कमी नाहीत.

कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. शाहूपुरी हे पेठ वसविण्याच्या जुन्या परंपरेचेच नवे रूप म्हणता येईल. पण पेठेच्या इतिहासात महाराजांचे जे कृत्य शाहूपुरीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे, ते एका लहानशा चहाच्या दुकानाचे आहे. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीस होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीच्या आश्रयातून बाहेर पडून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले व मदतही केली. गंगाराम यांनी भर शहरात चहाचे हॉटेल काढले. दुकान निघाले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास गिऱ्हाईक येईना. तेव्हा फेरफटक्यास निघालेले महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावा लागला. भांडवल देणे सोपे असते. गिऱ्हाईक मिळवून देणे अवघड, आणि ज्याच्यावर समाजाचा बहिष्कार त्याला तर फारच अवघड. ते काम महाराजांनी केले.

बाजार सर्वांचा असे म्हणतात. पैसा सर्वांचा चालत असे, ही गोष्ट खरी. परंतु जागा व पाणी सर्वांचे नव्हते. या बाबतीत महाडचा इतिहास देवळाच्या स्मरणिकेतही सांगितलाच पाहिजे. महाड हे सावित्री नदीवरील व्यापाराचे जुने ठिकाण. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य मंडळी बाजारहाटासाठी आणि गावकीच्या सरकारी कामासाठी तेथे येत. परगावच्या माणसाला पाणी मिळेल असे सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळे. पण त्याचे पाणी त्यांना बंद. म्हणजे बाजारात मीठ-मिरची विकत घेता येई, घोटभर पाणी मात्र मिळत नसे. १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठविण्यात आली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वाद न्यायालयात गेला व १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तळे खुले राहण्याच्या बाजूने लागला.

गावच्या मध्यभागी असलेली जागा, पाणी, ओटा आणि झाडाची सावली कोणाची, हे नगरपालिकेने ठरविले पाहिजे आणि ठरविल्यावर टिकविले पाहिजे. एरवी ठरावाला काही किंमत नसते. महाडच्या नगरपालिकेने एकदा ठरविले आणि दबाव येताच ते मोडले. तळ्याचे पाणी सर्वांचे झाले ते लोकांच्या निर्धाराने.

ग्रामपंचायतीचा कायदा मुंबई इलाख्यात १९२० मध्ये झाला, १९३३ मध्ये नवा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला. महाराष्ट्रातील पंचायतींचा कारभार आजही त्याच अधिनियमाखाली, वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, चालतो. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचे काम सुरू झाले. देवस्थानच्या मोठ्या जत्रांपैकी काहींची व्यवस्था जिल्हा परिषदांकडे आली. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोडे, गाढवे आणि इतर जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे; तिची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते.

१९५८ च्या अधिनियमातील कलम १२४ चाळून पाहावे. पंचायतीला कोणकोणते कर व फी बसविता येतात याची ती यादी आहे. यात्रा-उत्सवांवरील कर, दुकानदारी व हॉटेल चालविण्यावरील कर, गुरांच्या बाजारातील दलालांवरील कर, बाजार व आठवडे बाजारावरील फी, गाडीतळाची फी, सार्वजनिक जागेवर तात्पुरते दुकान मांडण्याची फी. जुन्या मोहतर्फा व थळमोडीची आठवण व्हावी अशीच ही यादी आहे. कर घेण्याची कलमे अशी नेमकी आहेत. बाजाराची व्यवस्था ठेवणे हेही त्याच अधिनियमाने पंचायतीच्या कामांत घातले आहे. परंतु कर न दिल्यास काय होते ते बाजारकऱ्याला पक्के ठाऊक असते आणि व्यवस्था न ठेवल्यास काय होते ते कोणालाच ठाऊक नसते.

बाजारफी वसूल करण्याचे काम लिलावाने देण्याची मुभा पंचायतीला आहे आणि पुष्कळ पंचायती तसेच करतात. वर्षाच्या आरंभी लिलाव पुकारला जातो. जो सर्वांत मोठी बोली बोलेल त्याला वर्षभर बाजाराच्या दिवशी पावती फाडण्याचा हक्क. पंचायतीला एकरकमी पैसा मिळतो, शिपायाचा त्रास वाचतो. पण येथे इजाऱ्याची जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ठेकेदाराने भरलेली रक्कम अधिक त्याचा नफा, हे सारे शेवटी कोथिंबिरीच्या जुडीवर येऊन पडते. दर ठरावात एक आणि हातातील पावतीत दुसरा, किंवा पावतीच नाही, अशी तक्रार ज्या गावात झाली नाही ते गाव विरळाच. मोठा व्यापारी हुज्जत घालून दर कमी करवून घेतो. चार जुड्या घेऊन बसलेली म्हातारी हुज्जत घालत नाही. ती पुढच्या आठवड्यास दुसऱ्या गावच्या बाजारास जाते. लिलावाची रक्कम त्या वर्षी वाढलेली असते, म्हणून पंचायतीला वाटते की बाजार वाढला.

ज्या पंचायतींनी दराचा फलक बाजाराच्या तोंडाशी लावला, छापील पावतीची सक्ती केली आणि डोक्यावरच्या पाटीतून आणलेल्या मालाला फी माफ ठेवली, त्यांनी लहान विक्रेत्याला कर्जाच्या योजनेइतकीच मदत केली आहे. त्याला खर्च फारसा येत नाही. दराचा फलक रंगवावयास एक दिवस लागतो.

मापाचीही अशीच गोष्ट. पूर्वी चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, अर्ध्या शेराचे मापटे आणि पाव शेराचे चिपटे, अशी मापे होती. परंतु एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. व्यापारी मोठ्या पायलीने घेई नि लहान पायलीने देई. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली आणि ही एक लबाडी तरी अवघड झाली. शेतमालाच्या घाऊक विक्रीसाठी वऱ्हाडात १८९७ चा कापूस व धान्य बाजाराचा कायदा, मुंबई इलाख्यात १९३९ चा आणि पुढे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समितीचा कायदा झाला. त्यामुळे उघड लिलाव व खरा काटा ही तत्त्वे तरी मान्य झाली. तो विषय मोठा आहे. येथे त्याचा केवळ निर्देश पुरे.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत बाजार व जत्रा हा विषय स्वतंत्रपणे नमूद आहे. लघुउद्योग, खादी व ग्रामोद्योग हेही आहेत. शहरांतील फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये संसदेने कायदा केला. त्यानुसार शहरात फेरीवाल्यांची समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडलेले असावेत, आणि पाहणी होऊन विक्रीचे दाखले दिले जाईपर्यंत कोणास उठवू नये, असे ठरले. कायदा चांगला आहे; पण तो नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतील. खेड्याच्या आठवडे बाजारात बसणाऱ्याला तो लागू नाही. २०२० च्या साथीत मार्च महिन्यापासून आठवडे बाजार बंद पडले. शहरातील फेरीवाल्यांसाठी त्याच वर्षी १०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाची केंद्रीय योजना निघाली. गावच्या बाजारात वीस-वीस वर्षे एकाच जागी बसणाऱ्यांची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी कोठेच नव्हती. त्यांचे नाव पावतीवरसुद्धा लिहिलेले नसते. पावतीवर फक्त रक्कम असते.

आता देवळांचे जीर्णोद्धार ठिकठिकाणी होत आहेत आणि ते थाटाचे होत आहेत. जुनी पडकी ओवरी जाऊन नवा सभामंडप येतो, पटांगणात फरशी बसते, भोवती कुंपण व लोखंडी दरवाजा येतो. देऊळ देखणे होते. परंतु कुंपण घालताना बाजाराची रांग कोठे जाणार, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी कोणी विचारीतच नाही. काम चालू असेतो विक्रेते रस्त्याच्या कडेला बसतात; काम संपल्यावर फरशी घाण होईल म्हणून त्यांना परत येऊ दिले जात नाही. मग मोटारींच्या वर्दळीत बाजार भरतो किंवा गावाबाहेरच्या माळावर जातो. गिऱ्हाईक तेथवर जात नाही, आणि बाजारास आलेली जी माणसे सहजच देवाला हात जोडून जात, तीही देवळाकडे फिरकेनाशी होतात.

देवस्थानची पंचकमिटी आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून हा प्रश्न आधीच सोडविल्याची उदाहरणेही आहेत. अशा गावी कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला भिंतीलगत दीड हात उंचीचे ओटे बांधलेले दिसतात. देवळाच्या नळाला बाहेरून एक तोटी काढलेली असते. बाजारकरी बायकांसाठी आडोसा व स्वच्छतागृह असते, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणाऱ्यांसाठी एक दिवा असतो. बाजार उठल्यावर झाडलोट पंचायतीने करावयाची, पाण्याचे बिल देवस्थानने भरावयाचे, अशी वाटणी ठरलेली असते. आणि काम सुरू होण्यापूर्वी कोणाची जागा कोठे होती याची यादी करून, ओटे तयार झाल्यावर त्याच क्रमाने विक्रेत्यांना बसविलेले असते : दारापाशी फुलवाली, तिच्या शेजारी नारळवाला, मग कासार, मग मिरचीवाले आणि सर्वांत शेवटी, पायऱ्या संपतात तेथे, चांभाराची पेटी.